मुठीत अडकलेला मंत्र

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, दाजींचा खोकला उतरला का, आणि जिना चढायचं तू खरंच सोडलंस की नुसतं कबूल केलंस, हे आधी कळव. आम्ही बापलेक ठीक आहोत. तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत मिळून एकच प्रश्न आहे, हाताचं काय केलंस. (एवढ्यासाठी पाकीट कशाला वाया घालवतेस, कार्ड पुरलं असतं.) उत्तर सविस्तर देतो.

त्या मंगळवारी सकाळी मी काय केलं, ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. खुर्चीला पॉलिशकागद मारून झाला, मी तीस वर्षांच्या सवयीने तिच्या हातावरून बोटं फिरवली, बोटं काही बोलली नाहीत, म्हणून खुर्ची गुळगुळीत झाली असं समजून देवाचं नाव घेतलं आणि पोचवून दिली. दुपारी शाळेच्या बाई खुर्ची घेऊन परत हजर. बाहीला लाकडाचं कुसळ अडकलेलं, आणि चेहरा मी वर्गात गृहपाठ न करता आल्यासारखा. खुर्ची खरखरीतच होती, मुकी झाली होती ती माझी अंगठ्याजवळची दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेली आहे, वीस मिनिटांची शस्त्रक्रिया, पण उशीर केलात तर बोटांची जाण परत येईलच असं नाही. हे मी फक्त तुला सांगितलं. लेकीला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी कारखान्याला कुलूप घातलं असतं. तेव्हापासून सहा महिने मी रोज सकाळी देवाला सांगतो आहे आणि देव रोज ऐकून घेतो आहे.

आता मधल्या भानगडीकडे येतो. लेकीचा एक खेळ आहे. दर रविवारी सकाळी ती आणि तिचे दोन मित्र माझ्या कारखान्यात जमतात, कारण आठ फुटी टेबल गावात दुसरीकडे नाही. एक औषधाच्या दुकानात बसतो, तो खेळात चिलखत घातलेला सरदार. दुसरा कचेरीत कारकून, तो खेळात चोर. (दोघंही स्वभावाने उलटे आहेत, हे सांगायला नको.) लेक नियमांचं पुस्तक उघडून समोर बसते, राक्षस कुठून आला ते सांगते आणि वादात निवाडा देते. बाकी सगळं तोंडाने, अधूनमधून फासे. खेळात वैद्य असलेला तिसरा मित्र बदली होऊन गेला आणि सरदार वरचेवर जखमी व्हायला लागला. लेक म्हणाली, बाबा, देवाचं नाव घ्यायची तुम्हाला सवय आहेच, तुम्ही पुजारी व्हा. मी झालो.

पहिल्याच लढाईत सरदार पडला. मी खेळातल्या दाराशी उभा राहून मनोभावे मंत्र म्हटला. सरदार पडलेलाच. लेकीने समजावलं की हे मंत्र हात लावायचे आहेत. म्हटला की तो तळहातात येऊन बसतो, पुढे चालत जाऊन हात लावणं आपलं काम. मी विचारलं, प्रार्थना पुरत नाही का. ती म्हणाली, बाबा, तळहातापर्यंत देव, पुढे तुम्ही. (ती खेळाबद्दलच बोलत होती. तरी मी जरा बावरलो.)

नियम सोपे आहेत. ज्याने त्याने आपापल्या पाळीला खेळायचं. आपल्या माणसाला हात लावायला फासे टाकावे लागत नाहीत. शत्रूला लावायचा तर टाकावे लागतात, पण त्याचं चिलखत आड येत नाही, कारण घाव घालायचा नसतो, नुसता हात लागला की झालं. मंत्र हातात कितीही वेळ धरून ठेवता येतो, मात्र मध्येच दुसरा म्हटला की पहिला गेला. आणि ज्याला आधी हात लागेल त्याला तो लागतो, मग ते चुकून का असेना.

हे शेवटचं कलम मला भोवलं. पुढच्या रविवारी मी बरा करणारा मंत्र हातात घेऊन सरदाराकडे निघालो. लेक म्हणाली, वाटेत एक जुना दरवाजा लागला. अक्का, आपल्या घराण्यात दरवाजा नुसता ओलांडून गेलेला माणूस झाला आहे का? मी म्हटलं, जरा हात फिरवून बघतो, सागवान आहे का. झालं. मंत्र दरवाजाला लागला. त्याच्या भेगा मिटल्या, बिजागऱ्या नव्या झाल्या, तो घट्ट बसला आणि आमचा चोर पलीकडे अडकला. तो म्हणाला, काका, दरवाजाची तब्येत आता उत्तम आहे, माझी विचारा.

तिसऱ्या रविवारी लेकीने माझ्या हाती शत्रूला इजा करणारा मंत्र दिला. तोही हात लावूनच. मी तो दोन तास मुठीत धरून बसलो. वटवाघूळ आलं, त्याच्यावर काय खर्च करायचा. पहारेकरी आला, त्याला बायकामुलं असतील. सगळे ताटकळले. चोर म्हणाला, काका, मूठ उघडा, नाहीतर भाड्याने द्या. एवढ्यात सरदाराने एकट्याने राक्षस लोळवला, आणि मी गहिवरून म्हटलं, शाब्बास, मी याच्या पाठीवर थाप मारतो. लेकीची पेन्सिल थांबली. कोणत्या हाताने, तिने विचारलं. मी खरं सांगितलं. गावच्या शाळेत तेवढंच नीट शिकलो.

सरदार माझ्या हातून पडला. मी उठून वाद घातला की माझ्या मनात इजा नव्हती, भाव बघायला हवा. लेक म्हणाली, पुस्तकात भाव नाही, हात आहे. मी मागे रेलून आणखी मुद्दे मांडत होतो, तेव्हा औषधवाला हळू आवाजात म्हणाला, काका, हात काढा. मी म्हटलं, काढला की केव्हाच तुमच्या पाठीवरून. तो म्हणाला, तो नाही, हा. मागे शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं तापत होतं आणि माझी दोन बोटं त्याच्या कडेला टेकलेली होती. मला पत्ता नव्हता. वास आला तेव्हा कळलं.

लेकीने हात नळाखाली धरला. दोन मोठे फोड. तिने विचारलं, कधीपासून. सांगितलं. आत्याला माहीत होतं? होतं. (तेव्हा तुझ्यावरही राग आहे, सांभाळून घे.) मग तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, बाबा, पाळी तुमची आहे. तुम्ही ती सोडत राहिलात म्हणून समोरचा त्याची सोडत नाही.

मुलगी शहाणी आहे, पण तिला व्यवहार कळत नाही. वाचनालयाच्या आठ खुर्च्या अर्धवट आहेत. त्या झाल्या की हात दाखवतोच. तोवर चौथं पत्र पाठवू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र अकरा दिवस खिशातच राहिलं. तू पंधरा दिवस इकडे ये. माझ्या सेवेला नको, त्याला लेक पुरेशी कडक आहे. वाचनालयाच्या खुर्च्यांवर हात फिरवून कुठे खरखरीत आहे ते सांगायला भरवशाचं माणूस हवं, आणि सुताराच्या घरात वाढलेली बोटं आता तुझीच आहेत.

ता. क. दुसरा. वरचं सगळं पत्र मी शस्त्रक्रिया का लांबवतो आहे हे पटवायला लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं, मलाच पटलं नाही. ही चार ओळींची शेपूट लेक लिहिते आहे, मी सांगतो आहे. काल सकाळी नऊ वाजता गेलो, बाही वर केली आणि उजवा हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.