चिमणीला चाबूक नाही

गुरुवार, संध्याकाळ. कोऱ्हाळे बुद्रुक

डोकं अजून तापलेलंच आहे. चिमणी, शिंगरू असल्यापासून मी वाढवलेली घोडी, आज उडीच्या बांबूसमोर पुन्हा अडली. कान मागे, नुसते मागे. माझे चुलते तात्या चाबूक घेऊन आले. "पोरी, मारल्याबिगर घोडं शिकत न्हाय."

मी मध्ये उभी राहिले. "मग आधी मला मारा, तात्या." असं कसं बोलले मी त्यांना? पण बोलले. ते तणतणत उसाकडे गेले.

मी बांबू जमिनीवर ठेवला, तिच्यापुढे चालत ओलांडला. मागोमाग ती आली. कान पुढे! मग बांबू गुडघ्याएवढा वर बांधला, पाठीवर बसले, आणि तिनं उडी घेतली.

बांधावरून तात्या ओरडले, "पडशील!"

मी घोडी वळवली आणि त्यांच्यादेखत पुन्हा उडवली.