चार नवऱ्या आणि एक कप्तान

नाखोन चाई सी,
शुक्रवार सकाळ

ताईच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या लमुनचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? दुकान कसं चाललंय? पेचबुरीहून येणारा जो तो तुझ्या अंडं-नारळाच्या मिठाईचं नाव काढतो. ऐकून बरं वाटतं (आणि तोंडाला पाणी सुटतं, पण ते असो). इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. पत्रात असंच लिहायचं असतं. पत्र घेऊन आलेल्या थवीला, आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याला, चहा दे. त्याच्या हातात एक रिकामी बरणी दिसेल, तिच्याकडे तूर्त बघू नकोस.

रम्फाचा साखरपुडा परवा रविवारी आहे. निरोप तुला पोचलाय, उत्तर आलेलं नाही, त्यावर मी काही बोलत नाही. मुलगा अनुत लाखात एक आहे. पण त्याचे वडील, आमचे होणारे व्याही चुआय, यांचं काय सांगू! माणूस झुंजीच्या माशांमागे वेडा. थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं, का, तर मुलीच्या बापाने त्यांच्या माशाला 'हे पिल्लू' म्हटलं. आमच्याकडे मागणी घालायला आले तेव्हा सोनं नको, मानपान नको असं ह्यांना म्हणाले, फक्त तुमच्या सासऱ्यांच्या निळ्या वाणाची एक मादी द्या. रविवारी ते आपला लाल नर बरणीत घालून आणणार, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर दोन बरण्या शेजारी ठेवणार, मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले, म्हणजे नर तिला पसंत पडला, की साखरपुडा झाला. नाही उमटले तर सुपारीचं तबक उचलून आल्या पावली परत. हे ऐकून आमचे हे छाती फुगवून म्हणाले, "एक काय, चार आहेत!"

आता त्या चार कुठून आल्या ते ऐक. आपले बाबा गेल्यापासून मासे ह्यांच्याकडे आहेत. तुला ठाऊक आहे, पपनसाच्या झाडाला हात लावला तर हे फळ गोड की कडू सांगतील, पण माशातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. बाबांचा म्हातारा नर झाकणाच्या मातीच्या कुंड्यात एकटा असतो. बाकी चौघं फळीवर बरण्यांमध्ये, आणि एक जण तेव्हा स्वयंपाकघरात, मच्छीच्या सॉसच्या बाटलीमागे, कारण फळीवर जागा नव्हती. बाबा दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा लावायचे, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून, आठवतं ना? सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आधी ह्यांचे मित्र आले, शेगडीवर कोंबडी भाजायला बसले, पंखा सापडेना. ह्यांनी फळीवरचे पुठ्ठे घेतले. वारा घालून घालून त्यातले निम्मे जळले, उरलेल्यांना तेल लागलं, ते फेकले. झालं! ते चौघं बिचारे दिवसरात्र एकमेकांवर कल्ले फुलवत राहिले. शेवटी इतके दमले की पर मिटून तळाशी बसले. समोर आरसा धरला तरी ढिम्म.

त्याच वेळी ह्यांनी नर-माद्यांची निवड केली. ह्यांचा नियम सोपा, अंगावर येईल तो नर, लाजेल ती मादी. चौघं लाजले, म्हणून चार माद्या. सॉसच्या बाटलीमागे एकट्याने आराम केलेला तेवढा आरशावर धावला, म्हणून तो नर. त्याचं नाव ह्यांनी कप्तान ठेवलं.

पुढे पुठ्ठे नवे आले. 'माद्यांनी' विश्रांती घेतली, अंगावर तजेला आला आणि एकेकीने पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं. फेस नर बांधतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! मी तसं म्हटलं, तर हे म्हणतात, "अगं, बाईमाणूस आहे, घर आवरणारच." ताई, मी हसले. तेव्हाच रडायला हवं होतं.

काल ह्यांना रंगीत तालमीची हुक्की आली. बाबांच्या म्हाताऱ्या नराच्या कुंड्याशेजारी चौघींतली सगळ्यात गोरी-गोमटी नवरी काचेच्या भांड्यात ठेवली. तिने त्याला पाहिलं आणि झुंजीला उभा नर काढतो तशी गळ्याखालची काळी दाढी बाहेर काढली. मी ओरडले, "अहो, दाढी!" हे म्हणाले, "आवडला तिला!" आणि भांडं कुंड्यात उपडं केलं. पुढचं लिहवत नाही. मी कालथा टाकून आमटीचा डाव उचलला आणि हात घातला. बाबांचा नर निघाला, शेपटी फाटलेली, एक पर लोंबणारा. जखम भरायला बदामाच्या पानाच्या पाण्यात ठेवलाय. आज सकाळी त्याने एक अळी खाल्ली तेव्हा कुठे मला घोटभर पाणी गेलं. मग बाकीच्या तिघींसमोर आरसा धरला. तिघींना दाढी. चारही नवऱ्या नवरेच निघाले गं!

हे आता खांबाला टेकून बसलेत. बाजारातून निळी मादी आणू म्हणत होते. व्याही ओळखतील, मग लग्नही जाईल आणि अब्रूही. रम्फाने कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. सकाळी बापासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मासा ओळखता आला नाही तुम्हाला, माझं लग्न मात्र त्याच्यावर लावलंत." माझी ही एकुलती एक लेक, ताई, आणि मी चूल कसली पेटवत बसू?

सगळ्यांना नमस्कार. पत्र लांबलं, माफ कर.

तुझी,
लमुन

ता.क. आता बरणीबद्दल. सोंगक्रानला जो कप्तान ह्यांनी तुला दिला, त्याच्या पोटाखाली, खालच्या परांच्या मागे, मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका, मादीची खूण, आहे का, उन्हात धरून खालून बघ. मला ठाऊक आहे, तू तेव्हाच पाहिला होतास. बाबांच्या मांडीवर बसून बरण्या उन्हात धरायला तू शिकलीस, मी चुलीपाशी होते. तू म्हणालीस, "ही मादी आहे," आणि हे पाहुण्यांदेखत हसले, म्हणाले, "मिठाईवाल्यांनी मिठाई बघावी." तू बरणी उचलून निघालीस ती परत आमच्या उंबऱ्यावर आली नाहीस. मासा थवीजवळ दे, एवढंच मागते.

दुसरा ता.क. थांब! थवी आत्ता दारात चप्पल घालताना एक नवीनच सांगतोय. तू म्हणे दुकानाच्या गल्ल्यावर ती बरणी ठेवली आहेस आणि तिच्यावर रस्त्याकडे तोंड करून मोठ्या अक्षरांत 'मादी' असं लिहून चिकटवलंयस. (आमच्या गावचे सगळे तिथेच मिठाई घेतात, हे तुला माहीत नव्हतं थोडंच!) आणि मागणी घालायच्या आधी चुआय व्याही तिथे मिठाई घ्यायला थांबले होते, बरणीसमोर बराच वेळ उभे राहिले, कुणाचं वाण, कुणी ओळखलं, सगळं विचारून गेले. म्हणजे त्या माणसाने आमच्याकडे मागितली ती हीच! त्याला सगळं माहीत आहे. रविवारी मासा एकटा आला तर तो पहिला प्रश्न विचारेल, मासा ओळखणारी कुठे आहे? थवीजवळ मासा देऊ नकोस. तो खड्डे बघून गाडी चालवत नाही. बरणी मांडीवर घेऊन तूच ये.

तिसरा ता.क. खालची ओळ ह्यांच्या हातची आहे. मी डाव घेऊन शेजारी उभी होते हे खरं, पण मी फक्त 'मादी आहे' एवढंच लिहायला सांगितलं होतं. पुढचं त्यांनी आपणहून लिहिलं.

ताई, ती मादी आहे. तेव्हाही होती. बाबांच्या घरात मासे बघणारं माणूस उरलेलं नाही, तुम्ही या. — प्रयोंग