पाच व्होल्टचा लेख

सोम. २ नोव्हें. ९८
बोम्मसंद्र्याच्या, ही यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातल्या राव इंजिनियरांनी दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. दिवेकरकाकांचं यंत्र चुकीच्या चार्जरनेच जळालं. "पिन बसते सार, आत प्लस-मायनस उलट. कोण बघतं?"
घशाच्या ऑपरेशननंतर काका ते यंत्र गळ्याला टेकवूनच बोलतात. दहा दिवस गप्प आहेत. मूळ चार्जर बिघडला, म्हणून काकूंनी टेपरेकॉर्डरचा लावला. माझा लेख वाचून.

मंगळ. ३
लेख काढून पाहिला. नव्या कॉम्प्युटरांच्या यूएसबी खाचेवर. माहिती आणि वीज एकाच वायरीतून, सगळीकडे पाचच व्होल्ट. जोडलेली वस्तू आधी कॉम्प्युटरला विचारते, मगच जास्त वीज घेते. सगळं बरोबर.
'ही खाच सगळीकडे येईपर्यंत एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नका' हा परिच्छेद मीच काढला. सहा ओळी जास्त होत्या, फॅक्सची वेळ झालेली. 'पिन बसली, व्होल्ट जुळले, झालं काम' हे मात्र ठेवलं. वाचायला छान वाटत होतं.

गुरु. ५
सांगायचंच म्हणून इंदिरानगरला काकांकडे गेलो. काकू म्हणाल्या, "माझाच अतिशहाणपणा हो. तुम्ही नीटच लिहिलं असणार, मला कळलं नाही." काकांनी पाटीवर लिहिलं, 'चाळीस वर्षांत प्रथमच हिला मधे कोणी तोडत नाही.' हसलो. चहा घेतला. न सांगता परत.

शुक्र. ६
काकूंचा फोन. नागपूरची सुधा, त्यांची मुलगी, दर रविवारी आठला बाबांशी बोलते. तिला आठवा महिना, म्हणून काही कळवलेलं नाही. दोन रविवार काकूंनी 'बाबा फिरायला गेलेत' असं सांगून भागवलं. आता विचारते, बाबांचं दुखणं उलटलं का? गाडीत बसून निघते म्हणते. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय.
आता गप्प राहणं शक्य नाही.

शनि. ७
सांगितलं. परिच्छेद, सहा ओळी, सगळं.
काकू हातातल्या नॅपकिनच्या घड्या घालत राहिल्या. "म्हणजे पंधरा दिवस मी स्वतःलाच..."
काकांनी पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'उद्या आठला या. मी लिहीन ते सुधाला फोनवर वाचून दाखवा. हिला रडू येईल.'
"कुणामुळे झालं, असं तिने विचारलं तर?" मी म्हणालो.
'तेही लिहीन.'
संपादक म्हणतात, खुलासा पुढच्या अंकात, जागा असली तर. यंत्राचा भाग महिनाअखेर येईल, असं राव म्हणतात. उद्या पावणेआठला पोचायचं.