हरणाच्या पाठीवर ठेवलेला हात

अण्णा, परवा जावयाने हरणाची शिकार करून आणली. गॅरेजच्या आढ्याला ते मागच्या पायांनी टांगलेलं आहे, पोटातलं सगळं त्याने रानातच काढून टाकलंय. जावई त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळून जिवंतपणीचं वजन फोनवर शोधतोय. गोरा माणूस, पण मला आईच म्हणतो. "आई, युवर टर्न. किती मीट निघेल?" मुलगी दारातून म्हणाली, "आई, उगाच फुशारकी नको हं. तो खरंच धरून चालेल." पण मी पुढे झालेच, खाटकाची मुलगी ना! तुम्ही बोकडाच्या कमरेवर कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटं दाबायला शिकवलंत, तसं दाबलं. एकदा गिऱ्हाइकासमोर मी नुसतं बघून आकडा बोलले, तेव्हा डाफरला होतात, "डोळं फसवत्यात. आधी हात लाव, मग तोंड उघड." हात लावून मी म्हणाले, चाळीस किलो. फोन त्या वजनावरून मटण अठ्ठावीस म्हणत होता. जावयाने फोन खिशात टाकला आणि शिकारीत वाटेकरी असलेल्या आपल्या भावाला मटण न्यायचा मोठा कूलर आणायला सांगितलं.

कापून झाल्यावर मटण भरलं सव्वीस. भाऊ रिकामा कूलर हलवत म्हणाला, "उरलेल्या जागेत बिअर नेऊ ना?" सगळे हसले. मला हसू येईना, कारण ह्यांच्या आजारपणात मी याच हातावर विसंबले होते. आंघोळ घालताना ह्यांच्या पाठीवर बोटं दाबून मी सांगायचे, "आहे तेवढंच आहे, उतरलेलं नाही." हॉस्पिटलचा काटा दर खेपेला कमी दाखवायचा. मी म्हणायचे, काटा बिघडलाय. हे माझंच खरं मानून निवांत झोपायचे.

मग कचऱ्याच्या डब्याशी हाडांची पिशवी दिसली. नळ्या, मान, फासळ्या, सगळं फेकायला काढलेलं. मुलगी म्हणाली, "अगं, इथे मीट म्हणजे बोनलेस." आपल्याकडे हाडाशिवाय मटण कोण देतं? पिशवी पोटाशी धरून मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी राहिले. ते सव्वीस धरून बेरीज चाळिसाच्या जवळ गेली, पण चाळीस झाली नाही. गोळीने नासलेला खांदा कापून टाकला होता, तो धरायचा का? की थंडीसाठी वाढलेल्या दाट केसांवरूनच हात फसला? बोकडाचं गणित हरणाला लागतं तरी का? आणि माणसाला? काहीच कळत नाही. तुम्ही आकडा सांगायचात तो मुंडी-पाय धरून की सोडून, हेही आता आठवत नाही.

तुमचं दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. त्याला विचारलं तर तो एका वाक्यात सांगेल. काल त्याचाच फोन आला होता. थंडी किती, गुडघे कसे आहेत, नातीची शाळा, सगळं बोलले. तेवढं मात्र विचारलं नाही.