मनकर्णेचं ताट

मुंबई, २१ नोव्हेंबर १९५४

चि. सोमाजीस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

या महाग शहरात मी काय खाते, असं तू विचारलंस. इथे पळसाची पत्रावळसुद्धा विकत घ्यावी लागते, पण मी फुकट जेवते. सकाळी मिशनच्या दारावर चहा-पाव मिळतो. पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टर मला भिकारीण समजून ओरडल्या. मी त्यांना इंग्रजीत असं सुनावलं की आता खुर्ची देतात.

दुपारी इस्पितळातलं मनकर्णेचं ताट मीच संपवते. तुझी बायको भाताला शिवत नाही. "घरी नव्या भाताचं नवं झालं नाई, बाई. देवाच्या आधी मी कशी खाऊ?" म्हणते. मी म्हटलं, "अगं, हा रेशनचा तांदूळ, गोदामात कुजलेला! याला कोणता देव नवा म्हणेल?" ती हसली, पण घास घेतला नाही.

आणि तू लिहितोस, धान घरात आलं, पण ती परतल्याशिवाय नवं करणार नाही! दोघंही सारखेच हट्टी. पोरी तरी वेळेवर जेवतात ना?

काल डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य नको, मागेल ते द्या." याचा अर्थ तुला कळेल. त्यांच्याशी भांडायला उठले, पण नमस्कार करून परतले.

तेव्हा तिची वाट पाहू नकोस. पत्र मिळताच नवा भात शिजव, देवाला दाखव, तू खा आणि निघ. येताना तिच्यासाठी नवे तांदूळ आण. मूठभर पुरेत.

तुझी,
बाई