तेलावर पाणी

६ जानेवारी
चित्राखालच्या पाटीसाठी फ्रेमवाल्या विनीतचा मजकूर आला — ‘तैलरंग, कॅनव्हास.’ संपलं! आईनं काढलेलं चित्र गिरगावच्या जुन्या चाळीतून नव्या टॉवरच्या लॉबीत जाणार, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शनिवारी विनीत त्यावर व्हार्निश मारणार. त्याला म्हटलं, आधी रंग तपासून नीट नोंद करते.
"करा ना मॅडम. वाचणार कोण?"

८ जानेवारी
चित्रात चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला बसल्यात. एक कमी आहे. समोरच्या खोलीतली बेबीमावशी. विधवा. तेव्हा चित्र पूर्ण झालं आणि महिला मंडळाच्या बाई येऊन आईला म्हणाल्या, "मायाताई, हिला कशाला बसवलीत मधे?" आईनं त्याच दुपारी मावशीवर पिवळी भिंत रंगवली. मी चौदा वर्षांची, दारात उभी. आई गेली, तरी तो राग गेलेला नाही.

९ जानेवारी
ओला कापूस फिरवून पाहिला. सगळा रंग घट्ट. फक्त मावशीच्या जागी कापूस पिवळा झाला. तैलरंगावर पोस्टर कलर!
विनीत हसला. "आई ड्रॉइंग टीचर होत्या ना तुमच्या? हा तर पाण्याने निघतो. उद्या व्हार्निश बसलं की कायमचा पक्का."
शाळेत पोरींना आई पहिल्या दिवशी सांगायची — तेलावर पाणी धरत नाही. आणि स्वतः हे! मान तुकवलीस, आणि कामही असं उरकलंस?
कापसाखाली पायाचा अंगठा दिसतोय. मावशीचा.

१० जानेवारी
व्हार्निश मारू दिलं नाही. विनीत चिडला. "डाग तसाच दिसणार मग सगळ्यांसमोर." दिसू दे.
मावशी आता लालबागला असते, तिला फोन केला. संक्रांतीला ये, लॉबीत, चित्रापाशी.
"हळदीकुंकवाला? माका?"
"हो. तुलाच."
"बाकीच्यांनी सांगितलं?"
"मी सांगतेय."

१४ जानेवारी
मावशी आली. सगळ्या बायकांमधून सरळ चित्रापाशी गेली. पिशवीतून फडकं काढलं — घरूनच ओलं करून आणलेलं.
"तुझी आई तेव्हाच बोललेली. बेबी, हे पाण्याने निघतं. ज्या वर्षी तुला बोलावतील, त्या वर्षी तूच पूस."