टपावरची होडी

८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतोस, की लावलं म्हणून नुसतंच वहिनींना सांगतोस? मी बरी आहे. शिवणाचा क्लास जोरात चालला आहे. एका बाईने काल स्वतःचाच पदर मशीनखाली शिवून टाकला.

बातमी एकच. घरमालकांना अंगणात शेड बांधायची आहे, म्हणून महिनाअखेरपर्यंत ह्यांची होडी हलवा, असं ते फार गोड शब्दांत सांगून गेले. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. होडी तेव्हापासून ताडपत्रीखाली पालथी पडून आहे. तिने अजून पाणी पाहिलेलं नाही. गावाबाहेरचं तळं बारा किलोमीटरवर. दोन टेंपोवाल्यांना बोलावलं. पहिला म्हणाला, लांबीला बसत नाही. दुसरा म्हणाला, मधोमध कापून नेतो, तिकडे गेल्यावर जोडून घ्या. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी एका हॉटेलवाल्याला हो म्हणून टाकलं. तो होडी दारात ठेवून तिच्यात माती भरणार आणि फुलझाडं लावणार. ह्यांना फुलं आवडायची, अशी मनाची समजूत घालते आहे. तू उगाच धावपळ करू नकोस.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
छकू

१३ जानेवारी

चि. छकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

होडीत माती? माणूस तीन वर्षं रंधा मारत बसला तो काय कुंडी करायला? हॉटेलवाल्याला आजच नाही म्हणून कळव. मी गाडी घेऊन येतो. होडी टपावर बांधू आणि तळ्यात सोडू.

टपावरचं कॅरिअर विचारायला दुकानात गेलो होतो. दुकानदार बाहेर आला, माझ्या एसयूव्हीभोवती एक चक्कर मारली आणि ही चालते का, असं विचारलं. अठरा वर्षांची गाडी, काल पहिल्याच झटक्यात सुरू झाली! तर हिच्या मापाचं कॅरिअर आता कुणी बनवत नाही म्हणे. मी म्हटलं, मग मी बनवतो. बत्तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या, त्या काय कागदाच्या होत्या?

चौकोनी पाइप घरातलेच आहेत. टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहायची पन्हळ आहे. तिच्यात एकेका बाजूला तीन-तीन पाय क्लॅम्पने आवळायचे, प्रत्येक पायाखाली रबराचा तुकडा. टपाला भोक नाही, ओरखडा नाही. तुझ्या वहिनीचा पूर्ण पाठिंबा आहे.

होडीचं वजन ताबडतोब कळव. अंदाज नको, आकडा पाहिजे. प्रकृतीला जप. आमची माया तुझ्या पाठीशी आहेच.

तुझा,
दादा

२२ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

माझा पूर्ण पाठिंबा आहे, असं तुम्हाला कळवण्यात आलं म्हणे. ते 'घरातलेच पाइप' म्हणजे पाहुण्यांचा लोखंडी पलंग. मी बाजारातून परत आले तेव्हा गादी जमिनीवर आणि पलंग गाडीवर.

काम मात्र सुबक झालं, खोटं कशाला बोलू? सांधे घासून गुळगुळीत केलेले, वर काळा रंग. ह्यांनी स्वतः टपावर मांडी घालून बसून दाखवलं. फक्त हा सगळा उद्योग गॅरेजच्या आत केला. हे गाडी बाहेर काढायला गेले, तर कॅरिअर दाराच्या चौकटीपेक्षा तीन बोटं उंच! टेप लावून दोनदा मोजलं आणि चौकट चुकली आहे, असा निकाल दिला. मी म्हटलं, कॅरिअर सोडवा. तर नाही, एकदा आवळलेले क्लॅम्प ते हलवत नाहीत. मग चारही चाकांतली हवा कमी केली, आणि वजन पडावं म्हणून मला, शेजारच्या निवृत्त हेडमास्तरीणबाईंना आणि नेमका त्याच वेळी आलेल्या पोस्टमनला आत बसवलं. हेडमास्तरीणबाईंनी पोस्टमनला सरळ बसायला सांगितलं. गाडी गोगलगायीसारखी बाहेर आली. उतरल्यावर पोस्टमनने तुमचं पत्र हातात ठेवलं. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर होडीचं एकेक टोक टेकवून तुम्ही एकतीस अधिक अडतीस किलो असा आकडा काढलात, ते वाचून ह्यांना बहिणीचा फार अभिमान वाटला.

दुसरं असं, की चाळीसच्या वर वेग गेला की कॅरिअर शिट्टी मारतं. चौकातल्या पोलिसाने आधी स्वतःचीच शिट्टी तपासली. आता पुढच्या पाइपाला दोरी गुंडाळली आहे, त्याने जरा दम धरलाय.

आता लिहिते ते आपल्या दोघींत ठेवा. पंपाने चाकं भरताना हे मध्येच थांबले. म्हणाले, मी मेहुण्यांना भरल्या घरात हसलो होतो. ही होडी दगडासारखी बुडेल म्हणालो होतो. त्यानंतर त्यांनी ती पाण्यात घातलीच नाही. एवढंच बोलले आणि पुन्हा पंप मारायला लागले. उरलेली दोन चाकं मी भरली.

जास्त काय लिहू? आठवण ठेवता तशीच ठेवा.

तुमची,
वहिनी

२६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी मला काहीही कळवलेलं नाही, हे आधी लक्षात घे.

मला आपलं सहज आठवलं. तू होडीला हसून गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे तिचा तळ ठोकून पाहायला बसले. एक सांधा खरोखरच कच्चा निघाला. तुझा भाऊ बोलतो वाईट, पण बघतो नीट, असं मला म्हणाले, आणि अख्खा तळ उचकटून नव्याने केला. त्यात वर्ष गेलं, मग आजारपण आलं. होडी राहिली ती त्यामुळे. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू तरी कुठे विचारलंस?

हॉटेलवाल्याला नाही म्हटलं. बिचारा रोपं घेऊनच आला होता. ये. हळू ये. शिट्टी मारत आलास तरी चालेल.

भेटीअंती बोलूच, तोवर कृपा असू दे.

तुझी,
छकू

३१ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाबरोबरच देते आहे. वाटेत फोडणार नाही, असं त्याने कबूल केलंय; तरी पाकिटाची कड बघून घ्या.

परवा क्लासच्या सहा जणी, घरमालक आणि दादा अशा आठ जणांनी होडी टपावर चढवली. तुमचा पलंग तसूभर हलला नाही. पण होडीचं टोक मागे आलं ते थेट डिकीच्या दारावर. दार उघडेना, आणि बांधायचे दोर डिकीत! मी या वयात मागच्या सीटवरून उलटी होऊन ते काढले. सहाही जणींनी टाळ्या वाजवल्या.

तळ्यावर होडी सोडली आणि पाच मिनिटांत आत पाणी. दादाचा चेहरा पांढराफटक. चपलांसकट तळ्यात शिरला आणि डब्याने उपसायला लागला. काठावर जाळं दुरुस्त करत एक म्हातारा कोळी बसला होता. तो म्हणाला, उपसू नका, भरू द्या. दोन वर्षं सुकलेलं लाकूड आहे, पोटभर पाणी पिऊन फळ्या फुगल्या की सांधे मिटतील. दादाला पटेना. होडी तशीच पाण्यात भरत ठेवून त्याला दंडाला धरून घरी आणावं लागलं. जेवला नाही नीट.

काल सकाळी जाऊन पाणी उपसलं आणि तासभर थांबलो. तळ कोरडा. दादाने प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. मग, जो माणूस जन्मात गुडघ्यापलीकडे पाण्यात गेला नाही, तो आत येऊन बसला. दोन्ही काठ धरून, फोटोला बसल्यासारखा ताठ, आणि वल्ही कशी मारायची ते मला शिकवत राहिला. मी जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या, मग होडी सरळ जायला लागली.

 मधोमध आल्यावर एकदम मोठ्याने म्हणाला, मेहुणे, चुकलो मी. पाण्यावरून आवाज लांब जातो. समोरच्या काठावर एक अनोळखी गृहस्थ कपडे धूत होते, ते उठून उभे राहिले आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, हरकत नाही!

वहिनी, आम्ही इतके हसलो की होडी डोलायला लागली. आणि दादाने, पाण्याच्या ऐन मध्यावर, दोन्ही हात सोडून डोळे पुसले.

होडी आता कोळीबाबांच्या होड्यांशेजारी बांधली आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही या, तुम्हाला फिरवून आणते. इतकी वर्षं सांभाळलंत, पुढेही असंच आपलं म्हणा.

तुमची,
छकू